उत्तर आलं नाही, एवढंच

अंबाजोगाई आणि केज तालुक्यांतल्या शाळा, पतसंस्था, दवाखाने यांचं नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा. 'नेट बंद पडलंय' असा फोन आला की गाडी काढायची, तिथं पोचून कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची आणि 'पिंग' टाइप करून पुढं पत्ता टाकायचा. माइक मूस या अमेरिकी माणसानं 1983च्या डिसेंबरात हा प्रोग्राम लिहिला. दूरच्या यंत्राकडं छोटा निरोप धाडायचा आणि तो परत येतो का, किती मिलिसेकंदांत येतो, ते बघायचं, काम एवढंच. विंडोजवर असे चार निरोप जातात. परत आले तर वाट मोकळी आहे. नाही आले तर पडद्यावर ओळ उमटते : 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

केजचे एक निवृत्त गणिताचे गुरुजी एकदा शेजारी उभं राहून हे बघत होते. म्हणाले, "आमचा देवपण असाच रे. दुष्काळात हाका मारल्या, पोराच्या आजारपणात मारल्या. उत्तर नाही. तिकडं कुणी नाही, हे एकदाचं मान्य करून टाकावं."

मी म्हणालो, "गुरुजी, उत्तर आलं नाही, एवढंच कळलं. तिकडं कुणी नाही, हे कुठं कळलं?"

हा माझा शहाणपणा नव्हे. माझे वडील कीर्तनकार, आणि वेदान्ताचे जुने ग्रंथ त्यांच्या उशाशी असत. 'एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कळतं कशानं?' हा त्यांचा आवडता प्रश्न. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैती यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे ज्ञानाचं वेगळं प्रमाण मानतात. नैयायिकांना ते वेगळं मान्य नाही. पण मानणाऱ्यांनीही त्याला अट घातली आहे. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही, असं म्हणता येतं; मात्र उजेड हवा, डोळे धड हवेत. घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधारात चाचपडणाऱ्यानं 'घट नाही' असा निकाल देऊ नये. आणि जे इंद्रियांना दिसणारंच नाही, त्याच्या न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

माझ्या धंद्यात ही अट रोज भेटते. 1989च्या आरएफसी 1122 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाप्रमाणे प्रत्येक यंत्रानं पिंगला उत्तर द्यायलाच हवं. तरी कित्येक सर्व्हरांपुढचा फायरवॉल पिंग गिळून टाकतो. पिंग गप्प, आणि त्याच पत्त्यावरची साइट ब्राउझरमध्ये खुशाल उघडते. म्हणून नवख्या पोरांना मी सांगतो, दुसऱ्या दारानं विचारा, साइटचं 443 नंबरचं पोर्ट उघडं आहे का बघा, मगच सर्व्हर मेला म्हणा. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' ही ओळ वेगळी. तिथं आपल्याच यंत्रानं किंवा वाटेतल्या राउटरनं 'पोचता येत नाही' अशी साक्ष दिलेली असते. टाइम्ड आउटमध्ये साक्षीदारच नसतो.

पण हेच माप भाविकालाही लावावं लागतं, आणि तिथं आमची मंडळी कचरतात. पिंगला उत्तर आलं म्हणजे यंत्र जागं आहे, एवढंच ठरतं. त्यावरची सेवा बंद असू शकते. परळीला वैजनाथाला नवस बोललो आणि पाऊस पडला, एवढ्यावरून वैजनाथानं ऐकलं हे ठरत नाही. ज्याचं मौन पुरावा नाही, त्याच्या नावावर आलेला योगायोगही पुरावा नाही.

अद्वैती म्हणेल, तू दूरच्या पत्त्यावर हाक मारतोसच कशाला? आमच्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या 'विवेकसिंधू'तलं ब्रह्म जिवाहून वेगळं नाही. मला तिथं 127.0.0.1 आठवतो. तो यंत्राचा स्वतःचाच पत्ता; केबल उपसून ठेवली तरी उत्तर येतं. पण त्यानं सिद्ध होतं ते आपलं यंत्र धड असल्याचं. मनातल्या आवाजाला लगेच देवाचा कौल समजणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

मग मौनाची साक्ष धरायचीच नाही का? धरायची, जिथं समोरचा उत्तराला बांधलेला आहे, तिथं. माहिती अधिकार कायदा 2005 हेच सांगतो. अर्जावर 30 दिवसांच्या मुदतीत निर्णय दिला नाही, तर कलम 7(2) प्रमाणे माहिती नाकारली असं मानलं जातं. तिथं मौन म्हणजे नकार, आणि त्यावर अपील करता येतं.

आपण मात्र उलटं वागतो. देवानं वेळेत उत्तर दिलं नाही की त्याला नाहीसा ठरवतो. कचेरीनं उत्तर दिलं नाही की 'वर पाठवलंय, होईल कधीतरी' म्हणत श्रद्धेनं हात जोडतो. पीकविम्याच्या पैशासाठी खिडकीशी असे थांबलेले लोक मी जिल्हाभर पाहिले आहेत. गुरुजींना मी शेवटी म्हणालो ते तुम्हालाही सांगतो : देवाच्या मौनावर निकाल देऊ नका, आणि कचेरीच्या मौनावर तो मुदत संपताच द्या.