वीतभर जमीन



जुमाच्या नमाजनंतर पाटस येथे एका तरुणाने विचारले, “मौलाना, आपण फिलस्तीनसाठी दुआ मागतो, पण त्यांचे राष्ट्र खरोखर उभे राहील का? आणि यहुद्यांचा द्वेष करणे आपले कर्तव्य आहे का?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कोकणात आहे. तेथील बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मराठी बोलणारे हे यहुदी शतकानुशतके हिंदू-मुसलमानांच्या शेजारी सुखाने नांदले. म्हणजे भांडण धर्माचे नाही. ते जमिनीचे आणि न्यायाचे आहे. एखाद्या समाजाचे वैरही तुम्हांला न्यायापासून ढळवू नये, अशी कुरआनची आज्ञा आहे (सूरह अल्-माइदा, ८). निरपराधाचा जीव गाझातील असो वा इस्रायलमधील, अल्लाहजवळ तो सारखाच मोलाचा आहे.

आता पहिला प्रश्न. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी फिलस्तीन राष्ट्राची घोषणा झाली आणि तीनच दिवसांत भारताने त्यास मान्यता दिली. १२ सप्टेंबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत भारतासह १४२ देशांनी दोन राष्ट्रांच्या तोडग्याला कौल दिला. १९६७ साली व्यापलेली भूमी सोडा, फिलस्तीन राष्ट्र होऊ द्या, आम्ही संबंध सुरळीत करू, असा प्रस्ताव अरब देशांनी २००२ मध्ये बैरूतला मांडला. इजिप्तचा १९७९ चा आणि जॉर्डनचा १९९४ चा तह आजही टिकून आहे. म्हणजे शेजाऱ्यांशी सलोखा अशक्य नाही. परंतु कागदावरची मान्यता म्हणजे पायाखालची जमीन नव्हे. व्याप्त प्रदेशातील वसाहती वाढतच आहेत, आणि फिलस्तिनी नेतृत्वही दुभंगलेले आहे.

तरी निराश होऊ नये. हुदैबियाच्या तहाच्या अटी सहाबांना अपमानास्पद वाटल्या होत्या. दोनच वर्षांत मक्केची द्वारे उघडली.

मात्र त्या तरुणाला मी आणखी एक गोष्ट सांगितली. जो दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने बळकावील, त्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. ही ताकीद केवळ सत्ताधीशांसाठी नाही. शेजाऱ्याचा बांध कोरणारा आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन तिचा वारसाहक्क गिळणारा, हेही त्याच रांगेत उभे आहेत. दुसऱ्याची भूमी दाबून फिलस्तीनच्या भूमीसाठी हात कोणत्या तोंडाने उचलावेत?

आधी बहिणीचा वाटा द्या, मग दुआ मागा. अल्लाहतआला पीडितांना न्याय व शांती देवो आणि आपणांस न्यायी बनवो. आमीन.