चूक कोठें दाखवावी?

उपदेशक बोलतांना चुकला, तर ऐकणाऱ्यानें काय करावें? गप्प राहिल्यास मंडळीचें नुकसान. सर्वांदेखत बोलल्यास त्याचा पाणउतारा. इफिस येथें अपुल्लोस सभास्थानांत येशूविषयीं आवेशानें बोलूं लागला; परंतु त्याला योहानाचा बाप्तिस्माच काय तो ठाऊक होता. ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला व अक्विल्ला हीं राहुट्या करणारीं नवराबायको होतीं, इ. स. 49 च्या सुमारास क्लौद्य कैसराच्या हुकुमामुळें तीं रोम सोडून निघालीं होतीं. त्यांनीं त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. येथें लूक पत्नीचें नांव आधीं लिहितो. बायकांनीं उपदेशकाला काय शिकवावें, असें म्हणणाऱ्या बंधूंनीं तें पाहावें. अपुल्लोसही धन्य! शास्त्रांत निपुण असून त्यानें कारागिरांचें ऐकून घेतलें. पुढें अखया प्रांतांत त्याचें विश्वासणाऱ्यांस फार साहाय्य झालें.