हँडब्रेकवरचा हात

भाचीला पक्कं लायसन्स मिळालं, आणि गाडी मात्र महिनाभर पार्किंगमध्ये धूळ खात राहिली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. त्यामुळे चौकात गाडी बंद पडली नाही ती आपल्यामुळे की त्यांच्यामुळे, हे शिकणाऱ्याला कळतच नाही. घरच्या गाडीत बसलं की कळतं.

मग रविवारी सकाळी मी शेजारी बसू लागलो. साताऱ्यात चढ-उतारांना तोटा नाही. पहिल्याच चढावर गाडी बंद पडली, हातभर मागे घसरली आणि मागचा दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत सुटला. मी ओरडलो, "अगं क्लच, क्लच!" तिने घाबरून होता तोही सोडला. चूक माझीच. क्लच दाब की सोड, हे मी कुठे सांगितलं होतं?

ताशी 40 किलोमीटरने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. माझं 'अगं अगं' संपेस्तोवर खड्डा मागे पडलेला असतो. म्हणजे शेजाऱ्याने बोलायचं ते आधी, नाहीतर गाडी कडेला लावल्यावर. मधे गप्प. (हे मला अजून नीट जमत नाही. उजवा पाय सारखा मॅटवर दाबला जातो तो वेगळाच.)

पुढच्या रविवारी रिकामा चढ शोधला. हँडब्रेक ओढलेला, ॲक्सिलरेटर जरासाच, क्लच अगदी सावकाश सोडायचा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचललं जातं. तिथे पाय थांबवायचा. हाच तो हाफ क्लच. गाडी न हलवता दहा वेळा नुसतं एवढंच केलं. दोघं जण धक्का मारायला धावून आले, त्यांना समजावता समजावता पुरेवाट झाली.

शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणाऱ्याने गाडी थांबवता येईल अशा जागी बसावं, असं 1989 चे मोटार वाहन नियम सांगतात. घरच्या गाडीत त्याच्या हाताशी असतो तो फक्त हँडब्रेक. भाचीचं लायसन्स पक्कं झालं, माझ्या हाताची सवय मात्र शिकाऊच राहिली.

काल तोच चढ, मागे पुन्हा टेम्पो. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट उचललं. हँडब्रेक मात्र सुटेना.

"मामा," ती समोरची नजर न हलवता म्हणाली, "हात काढा ना."