दोन टाक्या

नाशिकमध्ये एका घरात दोन भाऊ राहायचे. थोरला वरच्या मजल्यावर, धाकटा खालच्या. डिसेंबर लागला, निफाडचा पारा रोज पेपरात यायला लागला आणि नेमक्या त्याच आठवड्यात दोघांनीही खाऱ्या पाण्याची टाकी आणली. शंभर लिटरची काच, पिशवीतलं समुद्री मीठ, आरओचं पाणी, फिल्टर, हवेचा पंप, सगळं सारखं. प्रवाळाचे खडक समुद्रातून उचलणं आपल्याकडे कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून दोघांनी सिरॅमिकच्या कड्या घातल्या. मिठाचं मापही दोघांचं एकच, 1.025.

दुकानदार काकांनी पैसे घेताना बजावलं होतं, "महिना–दीड महिना मासा मागायचा नाही. मासा घाण करतो, तिचा अमोनिया होतो, आणि अमोनिया म्हणजे त्याला विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते मासा सोसतो. हे दोन्ही कामकरी आधी टाकीत वस्तीला यायला हवेत." त्यांच्या पोटापाण्यासाठी काकांनी अमोनियाची बाटली दिली. दोन पीपीएम होईल एवढे थेंब टाकायचे आणि टेस्ट किटनं रंग बघत राहायचं.

थोरल्यानं हीटर घेतलाच नाही. "समुद्राला कुणी हीटर लावतं का?" असं म्हणून त्यानं तेवढे पैसे वाचवले. पहाटे त्याच्या टाकीतलं पाणी 17 अंशांवर यायचं.

धाकट्याच्या मुलाचा वाढदिवस 31 डिसेंबरला. त्याआधी टाकीत मासे दिसायलाच हवे होते. उबेत जिवाणू लवकर वाढतात असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, आणि ते खोटंही नाही. मग जास्त उबेत जास्त लवकर, असा हिशेब करून त्यानं हीटरची चकती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली: 34. पंपाच्या घरघरीनं मुलाची झोप मोडते म्हणून रात्री पंप बंद. उकाड्यानं पाणी रोज थोडं थोडं खाली जायचं. तो निगुतीनं खारं पाणी करून भर घालायचा.

पंधरवडा उलटला. दोघांच्याही नळीत अमोनियाचा रंग तसाच गर्द हिरवा. थोरला म्हणाला, "दुकानदारानं फसवलं." भावांचं या एका गोष्टीवर मात्र चटकन एकमत झालं.

काका घरी आले. आधी वरच्या टाकीत थर्मामीटर धरला. "लक्षद्वीपच्या समुद्राला हीटर लागत नाही, कारण तिथं पाणी साधारण 27 ते 30 अंशांचं असतं. नाशिकच्या डिसेंबरला लागतो. या गारठ्यात तुमच्या कामकऱ्यांचा वाढीचा वेग निम्म्यावर आला असेल. मेले नाहीत ते, आखडून बसलेत."

मग खाली आले. मिठाचं माप घेतलं तर 1.031. "पाणी उडतं, मीठ उडत नाही. भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची." आणि चकतीकडे बघून म्हणाले, "हे जिवाणू प्राणवायूवर जगतात. 25 अंशांच्या समुद्री पाण्यात लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 ला पावणेसहाच्या आसपास. पाणी तापवून त्यांची भूक वाढवलीत आणि त्यांचा श्वास कमी केलात. त्यात रात्री पंप बंद! शिवाय अशा पाण्यात मासा सोडला असतात, तर अमोनियाचा विषारी वाटाही वाढलेला. जे काम आपल्याला करता येत नाही, ते करणाऱ्याची सोय बघावी. त्याच्या पाठीवर बसू नये."

त्यांच्या दुकानातल्या जुन्या खाऱ्या टाकीचा स्पंज त्यांनी सोबत आणला होता. तो दोन्ही टाक्यांच्या फिल्टरमध्ये थोडा थोडा पिळला. दारात उभी राहून बघणारी आई म्हणाली, "म्हणजे विरजणच की हे. कढत दुधात घातलं तर दही लागत नाही, आणि थंडीत उघड्यावर ठेवलं तर सकाळी दूध दूधच. कोमट बघून घालायचं आणि झाकून ठेवायचं, एवढंच तर असतं." काका हसले. "आई, माझं अर्ध्या तासाचं भाषण तुम्ही वाचवलंत."

थोरल्यानं हीटर आणला, धाकट्यानं चकती खाली फिरवली. दोन्हीकडे 28. पंप रात्रंदिवस चालू. मुलाला पाचव्या दिवशी त्या आवाजाशिवाय झोप येईना. वाढदिवस रिकाम्या टाकीसमोर झाला. मुलानं फुगे टाकीच्या काचेला चिकटवले आणि मित्रांना सांगितलं की आत न दिसणारे प्राणी आहेत. घरात टाकीबद्दल खरं बोलणारा तेव्हा तो एकटाच होता.

संक्रांतीच्या सुमारास हिरवा उतरून पिवळा झाला. नायट्राइटचा जांभळा मात्र हटेना. धाकट्याचा हात दोनदा चकतीकडे गेला, आणि दोन्ही वेळा थोरल्यानं वरून खाली येऊन तो धरला. जानेवारी सरता सरता जांभळाही गेला. दोन पीपीएम अमोनिया टाकला की दुसऱ्या दिवशी दोन्ही विषं शून्य. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट कमी केलं, तापमान हळूहळू 26 वर आणलं, कारण दुकानातल्या टाकीत तेवढंच होतं.

काकांनी प्रत्येकाला क्लाउनफिशची एकेक जोडी दिली. धाकट्यानं लगेच पाकीट काढलं. "अजून चार द्या."

"त्या अमोनियाच्या थेंबांवर जेवढे कामकरी पोसले गेले, तेवढेच आत आहेत," काका म्हणाले. "आधी या दोघांची घाण उरकते का बघू. एकदम गर्दी केलीत तर पुन्हा हिरवं."

"मग पुढचे कधी?"

"रोज रंग बघा. महिनाभर हिरवा दिसला नाही तर या."

धाकट्यानं पाकीट खिशात ठेवलं, आणि त्याच पैशांतून दोन टेस्ट किट मागितली, एक थोरल्यासाठी.