कात्रीआधी लगाम

पेशीतल्या बहुतेक संदेशांना परतीची वाट असते. प्रथिनाला फॉस्फेट चिकटवणारे विकर असते, तसे तो काढणारेही असते. प्रोटिएजचे, म्हणजे प्रथिन कापणाऱ्या विकराचे, तसे नाही. त्याने तोडलेली साखळी पेशी सहसा पुन्हा जोडत नाही. म्हणूनच माघार परवडत नाही तिथे निसर्गाने हे काम प्रोटिएजवर सोपवलेले दिसते. रक्त गोठताना थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन कापते. पेशी स्वतःला संपवते तेव्हा कॅस्पेज तिच्या आतली प्रथिने कापत सुटतात. असे हत्यार माणसाने हाती घ्यावे का? माझ्या मते घ्यावे, पण त्याच्या धारेआधी लगाम पाहावा.

2018 मध्ये कॅलटेकमधील मायकेल एलोवित्झ यांच्या गटाने विषाणूंच्या प्रोटिएजपासून पेशीत चालणारी मंडले बांधली. त्यातले एक, टीईव्ही, तंबाखूच्या विषाणूतले. सात अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम दिसला की ते तिथेच कापते. त्याचे दोन तुकडे करून प्रत्येकाला सक्रिय रास प्रथिनाला चिकटणारा भाग जोडला. अनेक कर्करोगांत हे रास सतत जागे असते. ते जागे असेल तिथे तुकडे जवळ येतात, टीईव्ही कामाला लागते आणि मंडल पेशीला मृत्यूकडे नेते. जागेपणाची खूण रास, शिक्षा कॅस्पेजची. मधला निवाडा मात्र माणसाने रचलेला.

हे जनुकांकरवी का करू नये, असे कोणी विचारेल. जनुक चालू होऊन प्रथिन तयार व्हायला बहुधा तास लागतात, कापणे मिनिटांत होते. शिवाय असे मंडल आरएनएच्या रूपात दिले, तर डीएनएला हात लावावा लागत नाही. निरोगी पेशीतही रास थोडे जागे असतेच, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. इशारा ठरावीक पातळी ओलांडेपर्यंत कृती रोखणारी रचना हे त्यावरचे एक उत्तर. दुसरे मला जास्त भरवशाचे वाटते: हिपॅटायटिस सीच्या विषाणूचे प्रोटिएज वापरले, तर रुग्णांना आधीपासून दिली जाणारी औषधेच ते बंद पाडू शकतात. मात्र विषाणूचे प्रथिन शरीराची प्रतिकारशक्ती परके म्हणून ओळखेल, या शंकेचे समाधान पेट्रीडिशमधल्या पेशी करू शकत नाहीत. ते जिवंत प्राण्यांतच तपासावे लागेल, आणि तोवर या मंडलांना उपचार म्हणू नये.