प्रसन्न वार्धक्य आणि विद्यार्थीभाव

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत, हे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणाचे मूळ होय. देह हा प्रपंचाचा भाग. बाल्य, तारुण्य व वार्धक्य या अवस्था त्याच्या. जीवाला वय नाही. हे मुखाने सर्वच बोलतात. परंतु गुडघे दुखू लागले, दृष्टी मंदावली, घरचा कारभार सुनेच्या हाती गेला, की “आता आमचे काय राहिले?” असे म्हणून मनुष्य कोपऱ्यात बसतो. देहाचे म्हातारपण तो जीवावर लादून घेतो. मग वाणी कडवट होते, हसणेखेळणे सुटते आणि देहही लवकर खचतो. सौजन्य, क्रीडा व आरोग्य ही तिन्ही एकदमच जातात. त्याअर्थी या तिहींचे मूळ एकच असले पाहिजे. ते कोणते, हे पाहणे येथे कर्तव्य आहे.

ठाणे जिल्ह्यात शहापूरला लागून मुरबाड तालुका आहे. त्यातील फांगणे या लहानशा गावी २०१६ च्या शिवजयंतीच्या सुमारास स्त्रिया पोथी वाचीत असता, आपल्यालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते, असे वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांनी ती इच्छा मनावर घेतली आणि ८ मार्च २०१६ रोजी तेथे ‘आजीबाईंची शाळा’ उघडली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस आज्या गुलाबी लुगडे नेसून, दप्तर व पाटी घेऊन, दुपारी वर्गात बसू लागल्या. बालपणी त्यांना कोणी शाळेत धाडले नव्हते. गुरे, धाकटी भावंडे, शेत आणि पुढे संसार यांतच त्यांचे आयुष्य गेले होते. कागदावर नावाच्या ठिकाणी आंगठा उमटविताना वाटणारी लाज त्यांनी जन्मभर गिळली होती. त्या बोटांनी आता ‘अ’ गिरविला.

येथे सौजन्य कसे प्रकटले ते पाहावे. शिकविणारी गावातीलच एक सून होती आणि विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासूही होती. जिने आजवर सुनेला रीतभात शिकविली, तिने सुनेपुढे पाटी धरली व चूक दुरुस्त करून घेतली. सुनेनेही मान राखून शिकविले. ज्या घरात मोठ्याला धाकट्याकडून शिकता येते, तेथे वादाला फारसे स्थान उरत नाही.

क्रीडाही सहजच आली. नातवंडांबरोबर आजीचा अभ्यास होऊ लागला. तिचे अक्षर वाकडे आले तर नातू हसे, आणि आजीही हसे. प्रत्येकीने शाळेजवळ आपल्या नावाचे रोप लावून त्याला पाणी घातले. आपल्या पंथात तर परमेश्वराच्या चरित्रालाच ‘लीळा’ हे नाव आहे आणि रिद्धपूरच्या श्रीप्रभूंची बालवत् क्रीडा सर्वश्रुत आहे. मग साधकाने आंबट मुखाने वावरणे हेच वैराग्य, असे कोणी समजू नये.

आरोग्याविषयी आजचे वैद्यकशास्त्रही विचार करते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, परंतु ज्यांवर उपाय करता येतो अशा १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत अल्प शिक्षण, एकाकीपणा, हालचालीचा अभाव, तसेच उपचाराविना राहिलेला बहिरेपणा व दृष्टिमांद्य यांचा समावेश आहे. उतारवयात पाटी धरल्याने रोग टळतोच, असा याचा अर्थ नव्हे. तथापि रोज घराबाहेर पडणे, चार समवयस्कांत बसणे व बुद्धीला काम देणे हे हिताचे आहे, यात शंका नाही.

कोणी म्हणेल, पैलतीर दिसू लागल्यावर अक्षरांचा काय उपयोग? श्रवणाने कार्य होत नाही काय? श्रवणाची थोरवी कमी नाही; निरक्षर असूनही शास्त्र मुखोद्गत असलेल्या वृद्धा पंथाने पाहिल्या आहेत. परंतु वाचणारा घरी नसेल त्या दिवशी पोथी बासनातच राहते आणि आजी तिला नुसती दंडवत घालते. ही उणीव आचार्यांना ठाऊक होती. सूत्रपाठाचे संकलनकर्ते केशिराजबास हे संस्कृताचे पंडित. ते संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना थांबविले. कारण तसे केल्याने पंथातील म्हाताऱ्या ज्ञानाला मुकल्या असत्या. सातशे वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी आचार्यांनी पंडिताची लेखणी मराठीकडे वळविली, त्यांच्याच नाती-पणती त्या मराठीच्या अक्षरांवाचून राहिल्या, तर तो दोष कोणाचा?

तिन्ही गुणांचे मूळ आता स्पष्ट होते. ‘मला सर्व कळते’ ही अहंता सुटून ‘मला अजून शिकावयाचे आहे’ हा भाव येणे, हेच ते मूळ. शिकणारा नम्र असतो, चुकीवर हसू शकतो आणि उद्याच्या पाठासाठी उठून उभा राहतो.

म्हणून उपदेशी जनांनी घरातील वृद्धांना प्रथम चष्मा करून द्यावा, ऐकू येत नसेल तर कान तपासून घ्यावेत. दुपारच्या विश्रांतीनंतर नातवाने आजीजवळ पाटी घेऊन बसावे, दिवसाला एकच अक्षर सांगावे आणि चुकल्यास उपहास करू नये. आजीनेही “या वयात कसले शिकणे” हे शब्द टाकावेत. तिने पहिल्याने स्वतःचे नाव लिहावे, मग परमेश्वराचे. भिक्षुकांनीही हा पाठ केवळ गृहस्थांचा मानू नये. ज्याला अधिकाराचे आसन मिळाले आहे, त्याने आठवड्यातून एकदा तरी नवदीक्षिताला प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर मन लावून ऐकावे.

दंडवत प्रणाम.