पितृऋण आणि आईची मिळकत

वैदिक परंपरेने मनुष्य जन्मतःच देव, ऋषी व पितर यांचा ऋणी मानला असून, पितृऋण, म्हणजे पूर्वजांचे देणे, संततीने फिटते असे सांगितले. परंतु त्यासाठी लागणारी वर्षे कोणाच्या आयुष्यातून वजा व्हावीत, हा न्यायाचा प्रश्न उरतोच. विशीच्या आरंभी मातृत्व आले तर शिक्षण व उमेदवारी खुंटते, तिशीनंतर आले तर ऐन बढतीच्या काळात खंड पडतो. भारतात २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची सवेतन प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली, मात्र तिचा खर्च मुख्यतः मालकावर पडत असल्याने तरुण स्त्रीला नेमतानाच त्याचा हात आखडण्याचा संभव असतो. ऋण साऱ्या कुळाचे असेल, तर त्याची फेड एकट्या आईच्या मिळकतीतून होणे धर्माला धरून नाही.